शंभरपैकी किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्य, बचत, मुलांचे शिक्षण असे विषय नेहमी असतात आणि ते असावयासच हवेत. आज मात्र चिटणीसबाईंनी मला सिनेमाविषयी बोलावयास सांगितले आहे. त्याला कारणही तसेच आहे. महिन्यातून एकदा मंडळाच्या जागेत पडदा लावून सर्वजणींनी मिळून एक चित्रपट पाहावयाचा, असे आपण ठरविले. ठरविणे सोपे होते. परंतु कोणता चित्रपट लावावयाचा ह्यावर दोन बैठका झाल्या, तरी एकमत झाले नाही. आपल्या सुना आणि लेकी मोबाइल पुढे करून सांगत होत्या, ‘ह्याला ९२ टक्के आहेत, हाच लावा.’ वडीलधाऱ्या विचारीत होत्या, ‘टक्के राहू देत बाई, पण तो आहे कशावर?’ दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर आहेत असे मला वाटते, आणि तेच जरा उलगडून सांगावे म्हणून मी उभी आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर भाषण कशाला? चित्रपट वाईट निघाला तर उठून जावे. पण भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींना स्वतःचे म्हणावेत असे तीन तास महिन्यातून मिळतात? सकाळचे पाणी, शेतातले काम, दुपारचा रांधा, कुणाच्या घरी कुंकवाचे काम, संध्याकाळी जनावरांचे पाहणे, मुलांचा अभ्यास, ह्यांतून उरलेली ही वेळ असते. घरात टीव्ही आहे, पण रिमोट बहुधा दुसऱ्याच्या हातात असतो. मंडळाच्या पडद्यावर काय लावावयाचे हे आपण ठरवितो, ही म्हणूनच लहान गोष्ट नाही. तो निर्णय न विचारता एका आकड्यावर सोपविला, तर रिमोट पुन्हा दुसऱ्याच्याच हाती गेला.

पूर्वी लोक चित्रपट कसे निवडीत, हे आधी पाहू. जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू आला की निवडीचा प्रश्नच नसे. जो आला तो पाहावयाचा. मोठ्या गावी जाहिरातीची पाटी असे, वर्तमानपत्रातले परीक्षण असे, रेडिओवरचे गाणे असे. सर्वांत मोठा आधार म्हणजे ‘किती आठवडे चालला?’ पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव. तेव्हाचे टक्के म्हणावयाचे तर ते हेच. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात जाणत्यांनीही त्याचा गौरव केला. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. आठवड्यांचा आकडा एवढेच सांगे, की पुष्कळ लोक तिकीट काढून आत गेले. ते का गेले, बाहेर येताना मनात काय घेऊन आले, हे त्या आकड्यात नसे. ते कळे पाणवठ्यावर, गिरणीत आणि हळदीकुंकवाला.

आता पाणवठ्याच्या गप्पा मोबाइलवर आल्या आहेत आणि त्यांची बेरीज यंत्र करते. ती बेरीज कशी होते हे समजून घेतल्यावाचून तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरविता येणार नाही. तिचे मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार ‘रॉटन टोमॅटोज’ ह्या अमेरिकेतील ठिकाणाचा. हे १९९८ साली सुरू झाले. नावाचा अर्थ नासके टोमॅटो. नाटक पडले की प्रेक्षक रंगभूमीवर टोमॅटो फेकीत, त्यावरून ते नाव आले. तेथे पुष्कळ टीकाकारांची परीक्षणे घेतात आणि प्रत्येक परीक्षण ‘पसंत’ की ‘नापसंत’ एवढेच पाहतात. शंभरांपैकी जितक्यांना पसंत तितके टक्के. ६० किंवा त्याहून अधिक झाले तर ताजा लाल टोमॅटो, कमी झाले तर हिरवा चिरडलेला. दुसरा प्रकार ‘मेटाक्रिटिक’ ह्या ठिकाणाचा. तेथे प्रत्येक परीक्षणाला शंभरपैकी गुण धरून सरासरी काढतात. मात्र काही टीकाकारांचे वजन अधिक धरतात आणि कोणाचे किती धरले ते सांगत नाहीत. तिसरा प्रकार ‘आयएमडीबी’ सारख्या ठिकाणाचा. तेथे टीकाकार नव्हेत, तर नाव नोंदविलेला कोणीही प्रेक्षक एकपासून दहापर्यंत गुण देतो. ह्यातही बेरीज नेमकी कोणत्या हिशेबाने होते ते उघड केलेले नाही.

पहिला प्रकार कित्येकजणींना फसवितो, म्हणून त्याचे एक उदाहरण देते. आपले केम कुंकवाचे गाव. कुंकवाची पारख आपल्याला शिकवावी लागत नाही. रंग पाहावयाचा, बोटांत बारीकपणा पाहावयाचा. समजा, एका टोपलीतले कुंकू दहा बायकांना दाखविले आणि दहाहीजणी म्हणाल्या, ‘चालेल, वाईट नाही.’ दुसऱ्या टोपलीतले दाखविले तेव्हा सहाजणी म्हणाल्या, ‘असे कुंकू पाहिले नाही, आम्ही हेच नेणार,’ आणि चौघी म्हणाल्या, ‘आम्हांला इतका गडद रंग नको.’ पसंत-नापसंतीच्या हिशेबाने पहिल्या टोपलीला १०० टक्के आणि दुसरीला ६०. आता तेच गुणांनी मोजू. पहिल्या टोपलीला प्रत्येकीने दहापैकी ६ दिले असे धरा, सरासरी ६. दुसरीला सहाजणींनी १० आणि चौघींनी ४ दिले, सरासरी ७.६. म्हणजे एका मापाने पहिली टोपली वरची, दुसऱ्या मापाने दुसरी. कुंकू बदलले नाही, बायका बदलल्या नाहीत, विचारण्याची रीत बदलली.

म्हणून पडद्यावर ९२ टक्के दिसले की ‘हा शंभरांत ९२ गुण मिळवणारा हुशार चित्रपट’ असे समजू नये. शाळेच्या गुणपत्रिकेतले ९२ आणि हे ९२ निराळे. ह्याचा अर्थ एवढाच, की शंभरांतील ९२ जणांना तो एकंदरीत पटला. कोणालाच न खुपणारा, गोडगोड, सरळ चित्रपट सहज ९० च्या वर जातो. आणि जो चित्रपट एखादे दुखणे उघडे करतो, ज्याच्यावर घरी येऊन वाद होतो, तो मधेच कोठेतरी रेंगाळू शकतो.

दुसरा प्रश्न, गुण देणारे कोण? हा प्रश्न महिला मंडळात तरी विचारलाच पाहिजे. अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली रॉटन टोमॅटोजवरील परीक्षणकारांची मोजणी केली. त्यांत ६८ टक्के पुरुष निघाले आणि ३२ टक्के बायका. त्याच वर्षी त्या ठिकाणाने आपले नियम सैल करून दोनशेहून अधिक नवे परीक्षणकार घेतले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. प्रेक्षकांच्या गुणांतही हाच भेद. ‘सेक्स अँड द सिटी’ नावाची एक अमेरिकन मालिका आहे. न्यूयॉर्क शहरातील चार मैत्रिणींच्या आयुष्याची ती गोष्ट. २०१६ साली एका पत्रकाराने आयएमडीबीवरील तिचे गुण वेगळे करून पाहिले. बायकांनी दिलेली सरासरी ८.१ होती आणि पुरुषांनी दिलेली ५.८. ती मालिका आपण पाहावी असे माझे म्हणणे नाही. मुद्दा असा, की जी एकत्र सरासरी छापली जाते ती ना बायकांचे मत असते ना पुरुषांचे. आठही नाही आणि सहाही नाही, अशा मधल्या आकड्यावर विसंबून कोण काय ठरविणार?

तिसरी गोष्ट भाषेची. ही ठिकाणे परदेशात चालतात आणि तेथे मोजली जाणारी परीक्षणे बहुतांशी इंग्रजी असतात. मराठी वर्तमानपत्रात कोणी कितीही मन लावून लिहिले तरी त्याची गणना तेथे होईलच असे नाही. म्हणून मराठी चित्रपटाला तेथे मोजकीच परीक्षणे मिळतात, काहींना तर गुणच पडत नाहीत. गुण नाहीत ह्याचा अर्थ चित्रपट टाकाऊ असा आपल्या मुली घेतात, तो चुकीचा आहे. आणि जेथे पाचच परीक्षणे असतील तेथे एकाचे मत फिरले की २० टक्के खाली किंवा वर. पाच माणसांच्या मतावर आपण सोयरीक ठरवीत नाही; निदान गावात दोन घरी चौकशी करतो.

चौथी गोष्ट, आकड्यात कोणी हात घालू शकतो काय? शकतो. चित्रपट पाहावयाच्या आधीच हजारो लोकांनी मिळून वाईट गुण टाकावयाचे, असा प्रकार घडतो. २०१९ साली ‘कॅप्टन मार्व्हल’ ह्या, नायिका प्रमुख असलेल्या चित्रपटाच्या वेळी असा गदारोळ झाला. तेव्हा रॉटन टोमॅटोजने चित्रपट लागण्यापूर्वी प्रेक्षकांनी अभिप्राय लिहिण्याची सोय बंद केली आणि पुढे तिकीट घेतल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचे गुण निराळे दाखविण्यास आरंभ केला. उलट बाजूचाही प्रकार आहे. २०२३ साली एका अमेरिकन नियतकालिकाने उघडकीस आणले, की प्रसिद्धीचे काम करणाऱ्या एका कंपनीने फारशा नावाजलेल्या नसलेल्या परीक्षणकारांना पैसे देऊन एका चित्रपटाविषयी लिहावयास लावले होते. आणखी एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की २०१६ साली रॉटन टोमॅटोज हे ठिकाण फॅन्डँगो ह्या तिकिटे विकणाऱ्या कंपनीने विकत घेतले. आपल्याकडेही जेथे तिकीट विकले जाते तेथेच शेजारी चित्रपटाचे गुण लावलेले असतात. दुकानदारच गिऱ्हाइकाला तराजू दाखवीत असेल तर तराजू खोटा आहे असे लगेच म्हणू नये. पण काटा पाहून घ्यावा.

इतके ऐकून कोणी म्हणेल, मग हे आकडे पाहूच नयेत काय? तसेही मला म्हणावयाचे नाही. शंभर-दोनशे माणसांचे मत एका माणसाच्या मतापेक्षा पुष्कळदा खरे असते. एखाद्या परीक्षणकाराचा दिग्दर्शकाशी दावा असेल, दुसऱ्याचा स्नेह असेल. बेरजेत हे दोन्ही विरून जाते. जाहिरातीला दीडशे रुपयांचे तिकीट खपवावयाचे असते. त्या जाहिरातीला उत्तर देणारा आकडा गरिबाच्या खिशाचे रक्षणच करतो. शिवाय परीक्षणे भरपूर आहेत आणि गुण तळाला गेले आहेत, असे दिसले तर तो इशारा बहुधा खरा असतो. दीडशे माणसे एका सुरात कंटाळली म्हणतात तेव्हा त्यांचे ऐकावे. मधल्या आणि वरच्या आकड्यांतच खरी गफलत आहे. ६८ चा चित्रपट ८८ च्या चित्रपटापेक्षा आपल्याला कमी आवडेल, असे त्या आकड्यांवरून कोणीही सांगू शकत नाही.

जाणत्यांचे मत आणि लोकांचे मत ह्यांची फारकत ही काही आजची नाही. १९७५ साली ‘शोले’ आला तेव्हा आरंभी अनेक परीक्षणकारांनी त्याला नावे ठेविली आणि फिल्मफेअरचे एकच, संकलनाचे, पारितोषिक त्याला मिळाले. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ हा थोड्या पैशांत काढलेला चित्रपट आला. बायका चित्रगृहाच्या दाराशी चपला काढून आत जात आणि पडद्यावर फुले उधळीत. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला खेडोपाडीच्या बायका ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून गेल्या आणि पदर डोळ्यांना लावून परतल्या. ह्या बायका अडाणी होत्या असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. टीकाकार विचारतो, कथा घट्ट बांधली आहे काय, अभिनय कसा, छायाचित्रण कसे. ती बाई विचारीत होती, माझे दुःख ह्यात कोणी पाहिले आहे काय. दोन प्रश्न निराळे, म्हणून उत्तरे निराळी. टीकाकाराचा प्रश्न आपणही शिकून घ्यावा, कारण त्याने नजर तयार होते आणि रडविणे म्हणजेच चांगले असा भ्रम जातो. पण त्याचा प्रश्न शिकताना आपला विसरू नये.

अलीकडचे उदाहरण ‘बाईपण भारी देवा’चे. ३० जून २०२३ ला तो लागला. सहा बहिणी, प्रत्येकीचे घर निराळे, रुसवे निराळे, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या पुन्हा एकत्र येतात, एवढीच कथा. ठिकठिकाणच्या बायका गटागटाने, नऊवारी नेसून तो पाहावयास गेल्या आणि चित्रगृहात फुगड्या घातल्या. हा चित्रपट एकटीने मोबाइलवर पाहिला तर कदाचित साधाच वाटेल. बहिणीशेजारी बसून पाहिला तर जिच्याशी चार वर्षे बोलणे नाही तिला त्या रात्री फोन करावासा वाटेल. ‘कोणाबरोबर पाहावा’ हे कोणत्याही टक्केवारीत नसते, आणि आपल्या मंडळाला तर तेच सर्वांत आधी पाहावे लागते.

आता दूरचे सोडून घरच्या अंगणात येते. आपल्याच रेल्वेमार्गावर, पुण्याकडे जाताना जेऊर लागते. त्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि शंभर कोटींच्या कमाईचा पल्ला गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याचे चित्रीकरण आपल्या करमाळा तालुक्यात झाले. त्यातील नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. चित्रपट गावोगाव लागण्यापूर्वीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता. जाणत्यांनी वाखाणला, लोकांनी डोक्यावर घेतला, असा तो दुर्मिळ योग. मग आकड्यांचे आणि लोकांचे जमले, आता बोलावयाचे काय राहिले? राहिले ते असे. त्या चित्रपटातील गाण्यांवर वरातीत अजून नाच होतो. परंतु त्याच्या शेवटी जे घडते, त्याविषयी किती घरांत आईने मुलीशी बोलणे केले? पोरीने जातीबाहेर मन दिले तर आपण काय करू, हा प्रश्न कितीजणींनी स्वतःला विचारला? शंभर कोटींच्या आकड्यात हे उत्तर सापडणार नाही.

त्याआधीचा त्यांचा ‘फँड्री’. तो १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या नावाचा शाळकरी मुलगा. त्याच्या घरावर गावातली डुकरे धरण्याचे काम येते. त्याचे मन वर्गातल्या शालूवर. आपल्याला ते काम करताना तिने पाहू नये म्हणून तो झाडाझुडपांआड लपत राहतो. त्या जब्याचे काम केले सोमनाथ अवघडे ह्याने. हा मुलगा आपल्या केमचा, हलगी वाजवणारा. २०१३ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. केमचे नाव दिल्लीला गेले, आणि आपल्याला त्याचा अभिमान वाटणे योग्यच आहे.

पण भगिनींनो, येथेच मला जरा थांबून बोलावयाचे आहे. पुरस्कार, टक्के, तारे, ह्यांचा एक गुप्त दोष असा, की ते चित्रपट पाहण्याच्या जागी बसतात. ‘चांगला आहे म्हणतात, राष्ट्रीय पुरस्कार आहे,’ एवढे म्हटले की आपले काम संपले असे वाटते. ‘फँड्री’च्या शेवटाकडे त्या घरातली सगळी माणसे, म्हातारे, बायका, मुली, डुकरामागे धावत असतात आणि गावातले लोक कडेला बसून गंमत पाहतात. हसतात. त्या कडेला बसलेल्यांत बायकाही असतील काय, आपण असतो तर कोठे बसलो असतो, हा प्रश्न पाहणाऱ्याने स्वतःला विचारावा एवढ्यासाठी ते दृश्य इतका वेळ दाखविले आहे. लंडनच्या टीकाकाराने त्याला पाच तारे दिले तर ते दिग्दर्शकाच्या कौशल्याला दिले. त्याच्या गावात ती वस्ती नाही, तो पाणवठा नाही. आपल्या गावात आहे. म्हणून आपले परीक्षण त्याच्याहून निराळेच असणार आणि ते आपणच करावयाचे आहे. तो जे पाहू शकला ते आपल्याला शिकण्यासारखे आहे. पण आपण जे पाहू शकतो ते त्याला पाहता येणारच नाही.

कदाचित कोणी म्हणेल, वर्धापनदिनाचा आनंदाचा कार्यक्रम, त्यात हे दुखणे कशाला? दमून आलेल्या बायकांना दोन घटका हसू द्यावे. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. करमणूक ही गरज आहे, आणि विनोदी चित्रपट पाहणारी बाई कमी दर्जाची नव्हे. बारा महिन्यांत सहा चित्रपट निव्वळ हसण्याचे असू देत. माझे सांगणे एवढेच, की हसण्याचा असो वा रडण्याचा, निवड आपण डोळे उघडे ठेवून करावी आणि नंतर त्यावर बोलावे.

आता व्यवहाराचे चार शब्द. चित्रपट निवडताना काय करावे ते मी थोडक्यात सांगते.

आकडा पाहा, पण त्याच्याशेजारचा दुसरा आकडाही पाहा, म्हणजे किती जणांचे हे मत आहे तो. पाच-दहाच असतील तर आकडा बाजूला ठेवा. गुण टीकाकारांचे की प्रेक्षकांचे हे विचारा. दोहोंत मोठी तफावत असेल तर तो चित्रपट टाकू नका. त्या तफावतीचे कारण शोधा, तेथेच बहुधा काही पाहण्याजोगे असते.

दोन परीक्षणे पुरती वाचा, एक बाजूचे आणि एक विरुद्धचे. पुष्कळदा विरुद्धचे परीक्षणच उपयोगी पडते. ‘फार संथ आहे, घटना काही नाहीत, नुसती माणसे बोलतात,’ असे एकाने रागाने लिहिले तर ज्यांना माणसांचे बोलणे ऐकावयाला आवडते त्यांनी तो अवश्य पाहावा. चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ असाच आहे. २०१४ सालच्या चित्रपटांतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, व्हेनिसला गौरव झाला. पण ज्यांना कोर्टातली तडफदार भाषणे हवी होती ते निराश झाले. खरी कोर्टे कशी संथ चालतात आणि त्यात गरिबाचे दिवस कसे जातात, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना त्या संथपणाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही.

मुलांना बरोबर आणावयाचे असेल तर टक्के पाहून भागणार नाही, प्रमाणपत्र पाहा. पालकांच्या मार्गदर्शनाखालील चित्रपटांसाठी २०२४ पासून ७, १३ आणि १६ वर्षे असे वयाचे वेगळे टप्पे झाले आहेत. ९५ टक्क्यांचा चित्रपटही लहान मुलाच्या झोपेची वाट लावू शकतो. तसेच चित्रपट दहाजणींत दाखवावयाचा तर रीतसर परवानगीने दाखवावा, कोणाच्या कष्टाची चोरी मंडळाने करू नये.

आणि सर्वांत जुना उपाय सोडू नका. ज्या बाईची आवड आपल्याला ठाऊक आहे तिला विचारा. तिची आवड आपल्यासारखीच असली पाहिजे असे नाही. ‘तिला जे आवडते ते मला नेहमी कंटाळवाणे वाटते,’ हेही माहीत असले म्हणजे तिचे मत तितकेच उपयोगाचे. हजार अनोळखी माणसांच्या मतापाशी ही सोय नसते, कारण त्यांची आवडनिवड आपल्याला कळत नाही.

शेवटी एक सूचना मांडते. मंडळाने एक जाड वही घ्यावी. दरमहा चित्रपट झाला की जिला वाटेल तिने त्यात चार ओळी लिहाव्यात. जिला लिहिता येत नाही तिने सांगावे, दुसरीने लिहून घ्यावे. त्यात गुण देऊ नयेत. गुण लिहिले की पुन्हा बेरीज होईल, आणि बेरीज झाली की कोण काय म्हणाले ते हरवेल. काय पटले, काय पटले नाही, कोणाबरोबर पुन्हा पाहावासा वाटतो, एवढेच लिहावे. सत्तर वर्षांच्या आजी आणि नवी आलेली सून ह्यांचे एकाच चित्रपटाविषयीचे मत समोरासमोरच्या पानांवर आले तर त्यातून दोघींनाही काही कळेल. दोनतीन वर्षांनी ती वही केमच्या बायकांचे परीक्षण म्हणून उभी राहील, आणि पुढच्या पोरी मोबाइल काढण्याआधी तीही उघडून पाहतील अशी मला आशा आहे.

पहिला चित्रपट कोणता लावावा हे कार्यकारिणी ठरवील. माझे मत विचाराल तर ‘फँड्री’ लावावा, आणि त्या दिवशी गावातल्या सर्व आळ्यांतल्या, सर्व वस्त्यांतल्या बायकांना घरी जाऊन बोलवावे. एकाच सतरंजीवर बसावे. चहा सर्वांना एकाच किटलीतून द्यावा. चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत, आणि लावल्यावर जिला बोलावेसे वाटेल तिला आधी बोलू द्यावे. काहीजणींना तो आवडणार नाही. त्यांनीही वहीत लिहावे, आणि आपण तेही आदराने वाचावे.